कॅचे

सकाळच्या बैठकीत मॅडम म्हणाल्या, "ऑर्डरच्या पेजची कॅश आधी रिकामी करावी लागेल," आणि त्याने चहाच्या कपातून मान वर न करता सांगून टाकलं, "कॅश माझ्याकडे नसते, मॅडम. ती खाली काउंटरवर. रोखीचं काय असेल ते रोखपालांना विचारा." टेबलाभोवतीची मुलं आपापल्या बोटांकडे बघत होती. पंख्याखाली एका कागदाची कड फडफडत होती आणि तिच्यावर हात ठेवावा असं कोणाला वाटत नव्हतं. मग धाकटा टेबलाच्या कडेवरून नख फिरवत, मघाचंच बोलणं पुढे चालू असल्यासारखा म्हणाला, "मॅडम कॅचेबद्दल बोलतायत, मास्तर." मॅडमनी एकदा धाकट्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. संगणकांच्या खोलीच्या प्रमुख म्हणून नवीन आल्या होत्या, पण हुशार होत्या. "हो, कॅचे," त्या म्हणाल्या आणि पुढच्या मुद्द्याकडे वळल्या. कोणी हसलं नाही. हसले असते तर त्यानेही मोकळेपणाने हसून घेतलं असतं, स्वतःच्या डोक्यावर टपली मारून घेतली असती, आणि विषय चहाबरोबर संपला असता.

औषधांच्या घाऊक व्यापाऱ्याची ती कचेरी. खाली गोदाम, वर संगणकांची खोली, आणि मधल्या जिन्यात पुठ्ठ्याचा आणि कधीतरी फुटलेल्या खोकल्याच्या औषधाचा गोडसर वास. औषधदुकानदार ज्या पानावरून माल मागवत, ते पान त्याने केलेलं होतं. मुळात तो गोदामातला कारकून. संगणक आला तेव्हा त्याच्यावरचं प्लॅस्टिकचं आवरण काढायलाही कोणी धजत नव्हतं. त्याने ते काढलं, एवढाच त्याचा गुन्हा. शिकवायला कोणी नव्हतं. दुसऱ्यांची पानं उघडायची, त्यांच्या पोटातला मजकूर बघायचा, एक ओळ बदलायची, काय मोडतं ते पाहायचं आणि परत जोडायचं. पाण्यात पडलं की पोहता येतं म्हणतात, त्याला आलं. पण शब्द सगळे डोळ्यांनी आले, कानांनी एकही नाही. एकदा दाखवलेलं पान संगणक स्वतःपाशी साठवून ठेवतो आणि खरं पान बदललं तरी जुनंच दाखवत बसतो; त्या साठ्याचं इंग्रजी नाव त्याने पुस्तकात वाचलं आणि, कॅश न म्हणता, अक्षरं होती तशी उच्चारली. कॅचे. पुढे कामाला मुलं आली, त्यांना त्याने इथलं काम शिकवलं, म्हणून तो मास्तर झाला. त्यांतला सगळ्यात लहान तो धाकटा. आता त्याच्या कानांवरचे केस पिकलेत, त्याला स्वतःची दोन मुलं आहेत, तरी कचेरीत तो धाकटाच. जुनं पान दिसतंय म्हणून दुकानदारांचे फोन आले की मास्तर सांगायचा, कॅचे साफ करा. मग दुकानदारही तसंच म्हणू लागले. एक म्हातारे दुकानदार तर फोन उचलताच सुरू करत, "मास्तर, तुमचं ते कॅचे पुन्हा तुंबलंय."

बैठक संपल्यावर तो जागेवर येऊन बसला आणि बराच वेळ काहीच उघडलं नाही. शब्द चुकला याचं त्याला फारसं वाटलं नव्हतं. आपण जन्मभर शंभर शब्द चुकीचे बोलत असू. पोट भरलं त्यावर. त्याला सलत होता तो धाकट्याचा सूर. इतका सफाईदार, इतका सवयीचा. तो सूर त्या क्षणी सुचलेला नव्हता. धाकटा वर्ग लावून परीक्षा देऊन आला होता, बाकीची मुलं तर शिकूनच आली होती. त्यांना खरा उच्चार पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार. म्हणजे ती आपसांत कॅश म्हणत आणि तो दारात दिसला की कॅचे. वर्षानुवर्षं. सगळ्यांनी कधीतरी मिळून ठरवलं असेल का, की कोणी न ठरवताच झालं असेल? एखाद्या नव्या मुलाला कोपऱ्यात घेऊन सांगत असतील का, मास्तरांसमोर असं म्हणायचं बरं का? आणि हे एका शब्दाचं झालं. आणखी काय काय असेल, जे तो आत आला की बदलत होतं आणि बाहेर गेला की पुन्हा सरळ होत होतं? त्याला एकदम थकल्यासारखं झालं. ऊन लागल्यावर येतो तसा थकवा, कामाशी काही संबंध नसलेला.

त्यात हा आठवडाच वाईट निवडला होता नशिबाने. जुनं पान काढून टाकून सगळं नव्या फ्रेमवर्कमध्ये करायचं ठरलं होतं. फ्रेमवर्क म्हणजे पान बांधण्याची तयार चौकट. असल्या चौकटी तो पूर्वीही शिकला होता, एक जुनी झाली की दुसरी. पण ही कानामागून येऊन तिखट झालेली. मालकांनी त्याला केबिनमध्ये बोलावून अगदी प्रेमाने सांगितलं होतं, "मास्तर, ऑर्डरचं पेज तुमचं लेकरू. नव्यातही तुम्हीच करा. शुक्रवारी दाखवा. आणि हे बघा, जमलं नाही तरी मनाला लावून घेऊ नका. तुम्हाला सल्लागार करू. माझ्या केबिनशेजारी खुर्ची टाकतो." सल्लागार म्हणजे काय हे गोदामाच्या जुन्या व्यवस्थापकांमुळे सगळ्यांना माहीत होतं. ते सल्लागार झाले, रोज इस्त्रीचे कपडे घालून येत, वर्तमानपत्र वाचत, आणि त्यांना कोणीही काहीही विचारत नसे. पुढे ते यायचे थांबले, तेही लोकांच्या उशिराच ध्यानात आलं. त्याला ती खुर्ची नको होती. हाताने काहीतरी करता येतं, एवढ्या एकाच गोष्टीवर तो गोदामातून जिना चढून वर आला होता.

तो कानांना हेडफोन लावून शिकवणीचे व्हिडिओ बघत राहिला. पडद्यावरचा शिक्षक त्याच्या पुतण्याच्या वयाचा, दर दोन वाक्यांनी हे फार सोपं आहे म्हणणारा. मास्तरने त्याचा वेग कमी केला, तेव्हा तो झोपेत बोलल्यासारखा बोलू लागला, पण समजेना ते समजेनाच. शिक्षक सांगत होता की पानाला तुम्ही हात लावायचा नाही. पान कसं असावं तेवढं सांगा, त्याची स्थिती, म्हणजे त्यातले सगळे आकडे आणि याद्या, आमच्याकडे द्या, मांडणी आम्ही करू. आणि इथेच घोडं अडत होतं. मास्तरने आयुष्यभर पानाला हातच लावला होता. आकडा बदलायचा असेल तर आकड्यापर्यंत जायचं, त्याला धरायचं आणि बदलायचं, यात न समजण्यासारखं काय आहे? इथे त्याने औषधांच्या यादीतला आकडा बदलला, पडदा ढिम्म. पुन्हा बदलला. तासभर शोधल्यावर कळलं की जुन्या यादीत तुम्ही कितीही खाडाखोड केलीत तरी या फ्रेमवर्कला पत्ता लागत नाही. नवी यादी करून त्याच्या हातात दिली तरच ते मान वर करून बघतं. हे त्याने वाचलं, दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळा ते डोक्यावरून गेलं. एका यादीतला एक आकडा बदलायला दुसरी अख्खी यादी? मागच्या टेबलाशी मुलं आपसांत बोलत होती. त्याने हेडफोनचा आवाज बंद केला आणि ते न काढता तसाच ऐकत राहिला. ती क्रिकेटबद्दल बोलत होती. त्याला स्वतःची लाज वाटली.

त्याचे वडील छापखान्यात मशीनवर होते आणि मशीनने त्यांचे कान खाल्ले. आधी घरातले त्यांच्याशी मोठ्याने बोलत. मग मोठ्याने बोलायचाही कंटाळा येऊ लागला, आणि कामाचं तेवढं त्यांच्यापर्यंत पोचवायचं असा रिवाज पडला. जेवताना आत्या काही सांगायची, सगळे हसायचे, आणि हसण्याची हालचाल पाहून वडील घास हातात धरून विचारायचे, "काय म्हणते ती?" आई म्हणायची, "काही नाही, जेवा तुम्ही." यात दुष्टपणा कुठेच नव्हता. आईने त्यांचं पथ्यपाणी, औषध, चष्मा, काही म्हणता काही चुकवलं नाही. ते मात्र हळूहळू विचारायचे थांबले. नंतर नंतर सगळे हसले की तेही हसायचे, किंचित उशिरा, सगळ्यांच्या तोंडाकडे बघत. ते उशिराचं हसू मास्तरला आता, हेडफोन लावून बसल्या बसल्या, आपल्याच गालांच्या स्नायूंत जाणवलं. बैठकीत मॅडमनी कॅचे म्हटल्यावर तो हसला होता की. बाकी कोणी हसलं नव्हतं, तरी तो हसला होता.

संध्याकाळी घरी गेला तर बायको दवाखान्यातून येऊन पाय वर करून बसली होती. ती परिचारिका, दिवसभर उभं राहून तिच्या पोटऱ्या दगड होत. त्याने पाणी तापवून तिच्यापुढे टब ठेवला आणि सकाळची गोष्ट सांगितली, विनोद म्हणून. ती हसली नाही. "म्हणजे कॅश आणि कॅश, दोन्ही कॅशच?" तिने विचारलं. "लिहायला वेगळं, बोलायला एकच." "मग गैरसमज होणारच. त्यात काय एवढं? आमच्याकडे एक डॉक्टर निम्म्या औषधांची नावं चुकीची घेतात. आम्ही बरोबर तेच औषध देतो." तो तिच्याकडे बघत राहिला. "तुम्ही त्यांना सांगत नाही?" "कशाला? चांगला माणूस आहे," ती म्हणाली आणि पाय पाण्यात घातले. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "मी आणखी काय काय चुकीचं बोलतो गं?" ती खरोखरच विचार करू लागली, आणि ते त्याला जड गेलं. "बरंच आहे," ती म्हणाली. "कुठून सुरुवात करू?" "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?" "तुम्ही ऐकून घेणारे कधी वाटलातच नाही. एकट्याने शिकलेला माणूस, त्याला कोणी काही सांगितलेलं खपत नाही. बाकी स्वभाव चांगला आहे तुमचा." तिने टॉवेल मागितला. त्याने दिला. जेवताना दोघंही दुसऱ्याच कशाबद्दल बोलली.

गुरुवारपर्यंत त्याला ते यादीचं कोडं उलगडलं नाही. विचारता आलं असतं. धाकटा हाताच्या अंतरावर बसत होता. पण विचारायचं म्हणजे धाकट्याच्या बोलण्यात तो जपणारा सूर पुन्हा उमटणार, आणि तो त्याला ऐकवला नसता. शेवटी त्याने आपलं जुनं हत्यार काढलं. नव्या फ्रेमवर्कच्या आत, कोणाला सहजी दिसणार नाही अशा जागी, त्याने चार ओळी जुन्या पद्धतीच्या घातल्या: आकड्यापर्यंत जा, त्याला धर, बदल. पडद्यावरचा आकडा निमूट बदलला. ऑर्डर पाठवताना पडद्यावर दिसतो तोच आकडा उचलायचा, म्हणजे झालं. बाहेरून नवं, आतून आपलं. त्याला फार दिवसांनी बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याच्या पोटात काहीतरी टोचतही होतं, पण थकलेल्या माणसाला टोचण्याकडे लक्ष द्यायला सवड नसते.

शुक्रवारी सगळे भिंतीवरच्या मोठ्या पडद्यासमोर जमले. मालक आले, त्यांच्यासाठी पुढे खुर्ची ठेवली. मास्तर बोलणार आणि धाकटा की-बोर्डवर बसून दुकानदार होणार, असं ठरलं. धाकट्याने औषधं निवडली, आकडे भरले, कमी केले, वाढवले. पान सरसर चाललं. मालक खुर्चीत पुढे सरकले. मग धाकट्याचा हात वरच्या शोधाच्या चौकटीकडे गेला. तिथे औषधाचं नाव टाकलं की यादी गाळून तेवढंच दिसतं. दुकानदार सर्वांत जास्त तेच वापरतात. बाण चौकटीवर टेकला, क्षणभर थांबला, आणि तिथून अलगद निघून ऑर्डर पाठवण्याच्या बटणावर गेला. बटण दाबलं. ऑर्डर गेली. "वा, मास्तर," मालक म्हणाले, "जुनं ते सोनं उगीच नाही म्हणत." मुलांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या धाकट्याच्या हाताकडे बघत होत्या. सोमवारपासून पान सुरू करायचं असं सांगून मालक उठले. मास्तरने सगळ्यांकडे बघून मान हलवली. तो बाण त्याला दिसला होता.

सगळे पांगल्यावर त्याने आपल्या जागेवर ते पान उघडलं. एका औषधाचे दहा डबे मागवले. मग शोधाच्या चौकटीत दुसऱ्याच औषधाचं नाव टाकलं, यादी गाळली गेली, नाव पुसलं, यादी परत आली. दहाच्या जागी शून्य. फ्रेमवर्कने स्वतःपाशी होती ती स्थिती घेऊन पान पुन्हा मांडलं होतं, आणि त्याने हाताने घातलेला आकडा त्या स्थितीत कधी नव्हताच. दुकानदाराला वाटणार माल मागवला, आणि इथे काहीच येणार नाही. एखाद्याचं रक्तदाबाचं औषध, एखाद्याचं फेफऱ्याचं. त्याने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा शून्य. मग खुर्ची न फिरवताच तो म्हणाला, "धाकट्या, शोधात काही टाकलं का नाहीस मघाशी?"

"काही नाही, मास्तर. राहिलं."

"राहिलं नाही. तू गेला होतास तिथे."

धाकटा उठून त्याच्या मागे येऊन उभा राहिला. पडद्यावरचं शून्य त्यालाही दिसलं. "बारीकसं आहे ते," तो म्हणाला. "तुम्ही नका त्रास घेऊ. मी रविवारी बसून नीट करून ठेवतो, नेहमी..." आणि तो थांबला.

मास्तरने खुर्ची फिरवली. "नेहमी काय?"

धाकटा खिडकीकडे बघत होता. त्याच्या कानाची पाळी लाल झाली होती; पहिल्या दिवशी, नोकरी मागायला आला तेव्हा झाली होती तशीच. "तुम्ही केलेलं चालत नव्हतं असं नाही," तो म्हणाला. "दुकानं वाढली, मास्तर. मग थोडं थोडं बदलत गेलो. तुम्हाला कशाला..."

"किती राहिलंय माझं? त्या जुन्या पेजात."

धाकटा बाहीचं बटण लावू-काढू लागला, आणि मास्तरला उत्तर कळलं. मास्तरला राग येईल असं वाटलं होतं, तो आला नाही. ज्या पानाला तो इतकी वर्षं आपलं म्हणत होता, ते कधीचं दुसऱ्याचं झालं होतं, आणि दुसऱ्याने ते त्याच्या नावावर राहू दिलं होतं. रविवारी, मुलं घरी असताना, हा इथे येऊन बसत असेल. त्याचं पाप तरी कोणतं म्हणायचं? चांगला माणूस आहे म्हणून कोणी बोलत नाही, आणि बोलत नाही म्हणून माणूस आपला ताटावर बसून सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहतो. त्याला रडू येईल अशी भीती वाटली. म्हणून तो उठला आणि सरळ केबिनमध्ये गेला.

मालक फोनवर होते. त्यांनी खूण करून बसायला सांगितलं, तो बसला नाही. फोन संपल्यावर तो म्हणाला, "पेज सोमवारी लावू नका. चुकलंय ते. ऑर्डरी हरवतील."

"मघाशी तर झकास चाललं."

"धाकट्याने सांभाळून घेतलं. माझ्यासाठी."

मालकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी आलं, ते त्यांनी लपवलं, आणि लपवलेलं त्याला दिसलं. "अहो मग काय बिघडलं," ते म्हणाले. "तुम्ही पुष्कळ केलंत. मी म्हटलं होतं तसं, इथे शेजारी..."

"खुर्ची नको. पेज धाकट्याला द्या, आणि मला त्याच्या हाताखाली द्या. तो सांगेल ते मी करीन."

मालक हसले. चेष्टाच वाटली त्यांना. मग तो हसत नाही असं पाहून त्यांनी हसू आवरलं आणि म्हणाले, "लोक काय म्हणतील, मास्तर? तुमचाच शिकवलेला पोरगा." "लोक काय म्हणतात तेच मला ऐकू येत नाहीये," तो म्हणाला. मालकांना ते कळलं नाही, पण इतक्या वर्षांच्या माणसाला नाही म्हणणंही त्यांना जमलं नाही. "महिनाभर बघू," ते म्हणाले. "महिन्यानंतर मात्र मी सांगेन तसं." तो बरं म्हणून बाहेर आला. जिन्यापाशी येऊन तो कठड्याला धरून उभा राहिला. खाली गोदामात कोणीतरी खोकी मोजत होतं. आपण काय करून बसलो, हे त्याला नीट समजत होतं. महिना म्हणजे काहीच नव्हे. या वयात, या डोक्याने.

धाकट्याने ऐकलं तेव्हा तो आधी नाही म्हणाला, मग मॅडमकडे बघितलं, आणि मॅडम म्हणाल्या, "घ्या खुर्ची." त्याने मास्तरच्या शेजारी खुर्ची ओढली आणि चोरट्यासारखा कडेवर बसला. मागची मुलं टंकायची थांबली होती. धाकट्याने त्या चार ओळी काढून टाकायला सांगितल्या. मास्तरने काढल्या. "आता यादीची नवी प्रत करा, आणि आकडा तिच्यात बदला." मास्तरने लिहिलं. "ही जुनीच झाली." पुन्हा लिहिलं. "नाही, मास्तर, हे तुम्ही प्रतीला नुसतं दुसरं नाव दिलंत, यादी तीच आहे." तिसऱ्यांदा लिहिताना त्याची बोटं आपोआप जुन्या वाटेने गेली आणि त्याने पुन्हा पडद्यावरचा आकडा धरायची ओळ सुरू केली. "अहो, नाही हो," धाकटा वैतागून म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात, "किती वेळा सांगायचं तुम्हाला तेच तेच?" आणि म्हटल्याबरोबर त्याने जीभ चावली.

मास्तरची कानशिलं तापली. अपमान झाला होता, साधासुधा, शाळेतल्या पोराचा होतो तसला. इतक्या वर्षांत या पोराने त्याला न जपता त्याच्याशी बोललेलं हे पहिलंच वाक्य असावं, असं त्याला वाटलं. त्याने ती ओळ पुसली, चष्म्याच्या काचा शर्टाला पुसल्या आणि पडद्याकडे बघतच तो म्हणाला, "थांबलास का? बोल पुढे."